वाचून दाखवला, बरोबर आहे

माझी नोकरी जमीन मोजणीची. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. या कामात एकच रेघ दोनदा मोजायची पद्धत आहे, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन्ही आकडे जुळले तर पुढे जायचं, न जुळले तर तिसऱ्यांदा मोजायचं. मोजणी झाली की खातेदाराचा जबाब लिहायचा, तो त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि खाली लिहायचं, ‘वरील मजकूर वाचून दाखवला, बरोबर आहे.’ मग त्याची सही किंवा अंगठा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून बावीस वर्षं मी हे वाक्य लिहीत आलो आहे. किती वेळा लिहिलं ते सांगता येणार नाही. त्यातलं एक माझ्या आईच्या जबाबाखाली आहे. ते लिहायला नको होतं.

पुण्याला पूर आला त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून दोन प्राध्यापक शिरूरला आले. एक इतिहास शिकवणारे सर आणि दुसऱ्या मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई. मिशनच्या जुन्या बंगल्यात उतरले होते. लहानपणी, साठेक वर्षांपूर्वी, मोठा दुष्काळ पाहिलेली म्हातारी माणसं त्यांना हवी होती. सरांनी पहिल्याच दिवशी चहा पिताना मला कामाची वाटणी सांगितली.

“मला दुष्काळ हवा आहे, बाईंना आठवण हवी आहे. दोन्ही एकाच माणसाकडे मिळतं, म्हणून एकाच एसटीनं आलो. तिकिटं मात्र वेगवेगळी काढली.”

बाईंचं म्हणणं असं की माणूस एखादी गोष्ट नुसती साठवून ठेवत नाही, ती दर वेळी सांगताना पुन्हा रचतो, आणि त्या रचण्यात त्याचं घर, जात, धर्म, गाणी, शेजारीपाजारी सगळ्यांचा हात असतो. तो कसा लागतो ते त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी प्रत्येक माणसाकडून तीच हकीकत चार-चार महिन्यांनी तीनदा लिहून घ्यायची आणि तिन्ही कागद जुळवून पाहायचे. रस्ते माहीत असलेला, अक्षर चांगलं असलेला आणि पदरचं काही न घालणारा माणूस त्यांना लेखनिक म्हणून हवा होता. आमच्या चर्चच्या पाळकांनी माझं नाव सुचवलं. शनिवारची दुपार आणि सुट्टीचे दिवस द्यायचं मी कबूल केलं.

बाईंनी तीन नियम सांगितले. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. मध्ये ‘मग?’ याखेरीज काही विचारायचं नाही. आणि आधीच्या खेपेला त्यानं काय सांगितलं होतं ते त्याला कधीही वाचून दाखवायचं नाही.

“वाचून दाखवायचं नाही? मग आपण बरोबर लिहिलं हे त्याला कळणार कसं?” मी विचारलं.

“त्याला कळायची गरज नाही. कागद आपल्यासाठी आहे.”

“आमच्यात तसं चालत नाही, बाई. ज्याचा जबाब त्याला तो ऐकायचा हक्क असतो.”

“शेताच्या बाबतीत असेल. इथे तुम्ही वाचून दाखवलंत की पुढच्या खेपेला तो माणूस आपली आठवण सांगणार नाही, तुमचा कागद सांगेल. मग ती नोंद माझ्या दृष्टीनं गेली.”

मी मान डोलावली. पण बाईंचा तिसरा नियम मला पटला नव्हता, हे खरं आहे, आणि ते इथे लिहून ठेवणं भाग आहे.

दोन्ही तालुक्यांत मिळून चौदा माणसं निवडली. पाटसची दोन, यवतचं एक, कवठे येमाईची तीन, बाकीची शिरूर-दौंडची. कवठ्याचे एक आबा होते, पंचाहत्तरीच्या पुढचे, मोठी शेती, दारात चार माणसं बसलेली. मार्चमध्ये दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी बसायच्या आधीच विचारलं,

“मागल्या खेपंला काय सांगितलं व्हतं म्या?”

“ते सांगता येत नाही, आबा. नियम आहे.”

“म्हंजी माजंच मला सांगायचं न्हाई? भले! आन् चुकलो तर?”

“चुकलात तरी चालतं.”

“सरकारी मानसानं चुकलं तरी चालतं म्हनलेलं आज पयल्यांदा ऐकतुया. लिवा मंग. आमच्या दावनीचं तीन बैल गेलं त्या साली.”

दिवाळीच्या कागदावर बैल दोन होते. मी तीन लिहिले. आतून त्यांची सून म्हणाली, “आबा, दिवाळीला दोन म्हनला व्हता.”

“आगं, चार म्हैन्यांत याक वाढला.”

सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन तक्त्यात ‘बदललेले’ या रकान्यात बैलांची नोंद केली. असे चार रकाने होते. तेच राहिलेले, बदललेले, गळलेले आणि नवीन आलेले. मला हे काम आवडू लागलं होतं. आबांचे दोन कागद जुळले नाहीत म्हणून माझं काही अडलं नाही, कारण बैल माझे नव्हते.

चौदावी माझी आई.

तिला घ्यायचं पाळकांनीच सुचवलं. बाई म्हणाल्या की घरच्या माणसानं लिहून घेणं बरं नाही, तिच्यासाठी दुसरं कोणी पाहू. आई ऐकेना. “परक्याला कशापायी सांगू? माजं पोरगं लिवतंय की.” बाईंनी शेवटी मान्य केलं, पण जाताना मला बाजूला घेऊन तिसरा नियम पुन्हा सांगून गेल्या.

आई सात वर्षांची असताना दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली. सात हा आकडा मडमसाहेबांनी दात बघून लिहिलेला. तिचं नाव तिथं ठेवलेलं, जन्मतारीख म्हणजे रजिस्टरात नोंद झाली तो दिवस. आपलं गाव कोणतं हे तिला सांगता येत नसे. गावाला नदी नव्हती आणि वेशीजवळ चिंच होती एवढंच. अशी गावं या दोन तालुक्यांत किती आहेत ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ती वाचायला शिकली, मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक केला, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, तिचं लग्न झालं. बोलणं मात्र तिचं अनाथाश्रमाच्या आधीचं राहिलं. शुद्ध भाषा ती फक्त प्रार्थनेत वापरायची.

आमच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना होते. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, मग प्रार्थना. वडील गेल्यापासून ती आई करायची. तिच्या प्रार्थनेचा क्रम ठरलेला होता. आधी चर्चची मंडळी आणि पाळक, मग गावातले आजारी, मग मी, माझी बायको, आमची तीन मुलं, मग दौंडला असलेली माझी बहीण, तिचा नवरा, त्यांची दोन मुलं. आणि सगळ्यांत शेवटी, “जो वाटेवर राहिला त्याला, हे बापा, तू सांभाळ. आमेन.”

वाटेवर राहिलेला म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्या वेळी तो तीन वर्षांचा होता.

एक गोष्ट आमच्या मंडळीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेला माणूस देवाच्या हाती गेला, आता त्याच्यासाठी मागण्यासारखं आपल्याकडे काही उरलं नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. वडिलांना पुरून आलो त्याच संध्याकाळी आईनं प्रार्थना केली आणि तिच्यात वडिलांचं नाव नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत होतं. तिनं आवाज न बदलता ती जागा ओलांडली. हयात माणसांचीच नावं तिच्या प्रार्थनेत असत.

माझी पहिली नेमणूक दौंडला होती. पुढे बहीणही तिथंच गेली, तिचा नवरा रेल्वेत. त्यामुळे आईचं दौंडला जाणं-येणं बरंच झालं. तिला बहिणीच्या घरापेक्षा स्टेशनात बसायला आवडायचं. गाड्या येत, माणसं उतरत, ती पुरुषांचे चेहरे पाहत बसे. मी दौंडला होतो तेव्हा ती म्हणायची, “आता चाळिशी पार केली आसंल.” पुढे म्हणू लागली, “आता पन्नाशीला पोचला आसंल.” बेरीज बरोबर असायची. एकदा तिनं रुळांचे सांधे बदलणाऱ्या एका सांधेवाल्याला थांबवलं. अंगानं तिच्यासारखाच बारीक, कान बाहेर आलेले.

“बाबा, तुजी आई कुठली रं?”

“का मावशी? पोरगी हाय का लग्नाची? माजी तिघं नातवंडं हायती, आता न्हाई जमायचं.”

“तसं न्हाई. तुला सांभाळलेली का पोटची?”

तो हसायचा थांबला. “पोटची. बारामतीकडची. का वो?”

“काय न्हाई. जा बाबा, गाडी यील.”

त्या दिवशी मी तिला रागावलो होतो. लोक काय म्हणतील, असं काहीतरी बोललो होतो.

पहिला कागद दिवाळीच्या सुट्टीत घेतला. त्यातली हकीकत आम्ही भावंडांनी अनेकदा ऐकलेली होती. आईबाप पाटसच्या बाजूला खडी फोडायच्या कामावर होते. आधी बाप गेला, मग आईला पटकी झाली. दौंडच्या ठेसनात कण्या वाटतात असं कोणीतरी सांगितलं म्हणून ही भावाला कडेवर घेऊन निघाली. अंतर दोन कोस. रुळाजवळ लिंबाचं झाड होतं. भाऊ पाणी पाणी करू लागला. त्याला सावलीत बसवून ती डबा घेऊन पाण्याला गेली. परत आली तर झाडाखाली तो नव्हता. समोर गाडी उभी होती, एक बाई चढत होती, तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि कडेवर पोर होतं. गाडी गेली. “रेल्वेच्या मानसानं नेला आसंल. खाऊनपिऊन सुखात आसंल,” असं म्हणून ती थांबली. हा शेवटही नेहमीचाच.

दुसरा कागद मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी घेतला. कचेरी अर्ध्या दिवसाची होती. ऊन कडक होतं, दार लोटून घेतलं होतं. मुलं बाहेर गेलेली, बायको शेजारी शेवया करायला गेलेली. आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि मी पेटीवर कागद ठेवून लिहू लागलो. खडी, बाप, आई, पटकी, सगळं तसंच. अंतर या वेळी चार कोस झालं. डब्याची खापर झाली. मी लिहीत होतो. मग ती म्हणाली,

“पानी घिऊन आले. त्यो तितंच व्हता. निजला व्हता. खापर तोंडाला लावली. पानी कडंनं व्हावून गेलं. परत लावली. परत व्हावून गेलं.”

“मग?” मी नियमाप्रमाणे म्हणालो.

“मंग उरलेलं मी पिले.”

 मी तेवढं लिहून वर पाहिलं.

“मंग त्याला तितंच ठिवला आन् चालाया लागले. मागं बघितलं न्हाई.”

मी ते लिहिलं. अक्षर नीट आहे, कागद आजही माझ्याकडे आहे. मग पेटीतून दिवाळीचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. सात ठिकाणी फरक होता. सहा ठिकाणचा मला चालला असता. चार कोस की दोन कोस? पाटस ते दौंड सहा मैल, म्हणजे तीन कोस, दोन्ही आकडे चूक. त्याचंही काही नव्हतं. सातवा फरक मात्र मला सोडवेना.

“आई, दिवाळीत तू वेगळं सांगितलं होतंस.”

“काय येगळं?”

इथं थांबायला हवं होतं. तेरा माणसांच्या वेळी थांबलो होतो. पण इतर तेरा जणांच्या कागदांत माझा मामा नव्हता, आणि वाटत होतं की आपल्या आईचा जबाब तिला न ऐकवता ठेवणं ही फसवणूक आहे. मी पहिला कागद उचलला आणि बांधावर उभा राहून वाचतो तसा सावकाश, एका सुरात वाचला. मग दुसरा वाचला. आईनं हात मांडीत ठेवून दोन्ही ऐकले.

“गाडीतली बाई दुसऱ्यात हाय का?” तिनं विचारलं.

“नाही. तू आज ती सांगितलीच नाहीस.”

“आन् पानी?”

“पाणी दोन्हीत आहे. पहिल्यात तू आलीस तेव्हा तो नव्हता. दुसऱ्यात होता. यातलं खरं कोणतं?”

“मला दोनी ठावं हायती.”

“आई, दोन्ही खरी कशी असतील? एक पोर एका वेळी एकाच ठिकाणी असणार.”

भावाभावांच्या भांडणात सामाईक बांधावर मी ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात हे बोललो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहिलं.

“तसंच म्हनायचं,” ती म्हणाली. “तू मोजनारा. मंग दुसरा ठिव.”

मी दुसऱ्या कागदाखाली लिहिलं, ‘वरील मजकूर वाचून दाखवला, बरोबर आहे.’ ते लिहायची काहीच गरज नव्हती. बाईंच्या कामात त्याला जागाही नव्हती. हात आपोआप गेला. आईनं सही केली, मिशनच्या शाळेत शिकलेल्या वाटोळ्या अक्षरांत. मग उठून तिनं ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या आत घेतल्या.

त्या संध्याकाळी प्रार्थना नेहमीसारखी चालली. मंडळी, पाळक, आजारी, आम्ही सगळे, दौंडची बहीण, तिचा नवरा, दोन्ही मुलं. “आमेन,” आई म्हणाली.

आम्ही कोणी तयार नव्हतो. अजून एक वाक्य यायचं होतं. आमचे आमेन एकेक करून, वेगवेगळ्या वेळी आले. धाकट्या मुलीनं डोळे उघडून आजीकडे पाहिलं.

“आत्याबाईंचं शेवटचं राहिलं आज,” स्वयंपाकघरात बायको म्हणाली.

“विसरली असेल.”

“विसरतील? त्या?”

दुसऱ्या दिवशी ते वाक्य आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, “अहो, तुम्ही काय लिहून घेतलंत त्यांच्याकडनं?”

मी सांगितलं. दोन कागद, सात फरक, वाचून दाखवलं ते, सही. ती भाकरी थापायची थांबली. तव्यावरची करपायला लागली तरी तिनं उलटली नाही.

“म्हणजे तो शनिवारी गेला,” ती म्हणाली.

तव्यावरची भाकरी मीच उलटली. तोवर मी फक्त एवढाच विचार केला होता की फरक मिटला.

महिनाभर वाट पाहिली. मग एका सकाळी आई अंगणात तांदूळ निवडत होती, तिच्या शेजारी जाऊन बसलो. खोटं बोलायची मला सवय नाही. आधी काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं.

“आई, तो कागद मी पुन्हा पाहिला. माझ्याकडून लिहिताना गफलत झाली असेल. ऊन होतं, ऐकण्यात काही चुकलं असेल. तू दिवाळीत सांगितलंस तेच बरोबर असेल.”

तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

“तू न्हाई चुकायचास,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता. माझ्या नोकरीचा तिला अभिमान होता. माझ्या मोजणीवर कधी हरकत आली नाही हे ती शेजारणींना सांगायची. तोच विश्वास होता तो.

जुलैमध्ये तिसरा कागद घ्यायचा होता. सर आणि बाई दोघंही आले होते. आईनं दुसरा कागद जसाच्या तसा सांगितला. चार कोस, खापर, पाणी कडेनं वाहून गेलं, परत लावलं, परत वाहून गेलं, उरलेलं मी पिले, मागं बघितलं नाही. वाक्यांचा क्रमही तोच. मी तक्ता भरला. बदललेले शून्य, गळलेले शून्य, नवीन शून्य.

सरांनी तक्ता पाहिला आणि खूश झाले. “वा! चौदा माणसांत एक तरी पक्की आठवण निघाली. हिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.”

बाईंनी तक्ता हातात घेतला, तो बराच वेळ खाली ठेवला नाही. मग फक्त मला विचारलं, “वाचून दाखवलंत?”

“हो.”

“कधी?”

“मार्चमध्ये.”

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आईच्या तिन्ही कागदांवर शिसपेन्सिलीनं तिरकी रेघ ओढली आणि ते मला परत दिले.

“आता यांचा उपयोग नाही. तुमच्या घरीच राहू द्या.” जरा वेळानं म्हणाल्या, “दोन्ही आठवणी त्यांच्याजवळ होत्या, शेजारी शेजारी. साठ वर्षं एकीनं दुसरीला हाकललं नव्हतं. तेच मला पाहायचं होतं हो.”

“पण झालं काय होतं ते कळायला नको?” सर म्हणाले.

“त्यांना कळलेलंच होतं,” बाई म्हणाल्या.

पुढे त्यांचा लेख इंग्रजीत छापून आला, त्याची एक प्रत टपालानं मला मिळाली. माझ्या इंग्रजीला झेपेल तेवढा वाचला. तेरा माणसं आहेत. कवठ्याच्या आबांचे बैलही आहेत, तिसऱ्या खेपेला ते पुन्हा दोन झाले होते. चौदावं माणूस होतं असा उल्लेख कुठे नाही.

त्यानंतर आई माझ्याबरोबर तीनदा दौंडला गेली. प्रत्येक खेपेला परतीच्या एसटीला वेळ असायचा, म्हणून आम्ही स्टेशनातल्या तिच्या नेहमीच्या बाकावर बसलो. ती पिशवी मांडीवर घेऊन पिशवीच्या बंदाकडे पाहत बसायची. माणसं उतरत, समोरून जात. एकदा मीच म्हणालो, “आता पासष्टीचा झाला असेल, नाही?” तिनं ऐकलं असावं. “ऊन झालंय,” ती म्हणाली, “पानी पिऊन घे.”

मार्चमधल्या त्या शनिवारनंतर आई दोन वर्षं चार महिने जगली. तिला शेवटचे अकरा दिवस ताप होता. दहाव्या दिवसापर्यंत प्रार्थना तिनंच केली, पडल्या पडल्या, तुटक. रोज शेवटी बहिणीच्या धाकट्या मुलाचं नाव, आणि आमेन. प्रत्येक संध्याकाळी मी वाट पाहायचो. अकराव्या दिवशी ती बोलली नाही.

तोवर आमचे जुने पाळक बदलून गेले होते. नवे पाळक तरुण, येऊन दोन महिने झालेले, आईला त्यांनी फारसं ओळखलेलं नव्हतं. दफनविधीच्या वेळी गेलेल्या माणसाची थोडक्यात माहिती वाचतात, ती लिहून घ्यायला ते घरी आले. मी तारखा सांगितल्या, बोर्डिंगातली नोकरीची वर्षं सांगितली. अनाथाश्रमातलं वय मडमसाहेबांच्या अंदाजाचं आहे, तसं लिहा, असंही सांगितलं. त्यांनी तसं लिहिलं.

“मागे कोण कोण?”

“एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई, पाच नातवंडं.”

“भावंडं?”

त्यांनी सहज विचारलं होतं, पेन कागदावर तसंच होतं. बायको उंबऱ्याजवळ उभी होती. आतल्या पेटीत तीन कागद होते, एकाखाली माझ्या अक्षरातलं वाक्य आणि आईची सही. सगळं मला तोंडपाठ होतं.

“एक भाऊ,” मी म्हणालो.

“ते कुठं असतात? निरोप गेला का?”

“पत्ता माहीत नाही.”

पाळकांनी लिहिलं आणि कागदाची घडी घातली. “वाचून दाखवू?” त्यांनी विचारलं.

“नको,” मी म्हणालो.

दुपारी चर्च भरलं होतं. बोर्डिंगात आईच्या हातचं जेवलेल्या बायका लांबून आल्या होत्या. पाळकांनी कागद उघडला आणि वाचलं. शेवटी आलं, “त्यांच्या मागे एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई, पाच नातवंडे आणि एक भाऊ असा परिवार आहे.”

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. माझ्या बहिणीनं पटकन माझ्याकडे पाहिलं. मग बाकांवर माना वळू लागल्या. पुरुषांच्या बाजूला सात-आठ म्हातारे बसले होते, काही ओळखीचे, काही दौंडहून आलेले रेल्वेतले. लोक त्यांच्याकडे एकेक करून पाहत होते, हिचा भाऊ यातला कोणता, म्हणून.

मीही पाहिलं.